डिस्चार्ज मिळाला, नळी तशीच : लघवीचा कॅथेटर घरी सांभाळताना

खडीसाखर

विषय जरा अवघड आहे, जेवताना वाचू नका. पण घरात वयस्कर पुरुष असेल तर ही वेळ कधी ना कधी येते, म्हणून लिहितेय.

आमचे अप्पा, वय ७६, राहायला सांगलीत. प्रोस्टेटचा (मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीचा) त्रास जुनाच. रात्री चार-पाचदा उठायचं, धार बारीक, पण ‘वयाचं आहे’ म्हणून चालवून घेतलेलं. मागच्या महिन्यात सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नाक मोकळं करायच्या गोळ्या आणल्या आणि तीन दिवस इमानेइतबारे घेतल्या. तिसऱ्या रात्री लघवी ठप्प. जोर येतोय, थेंबही नाही. पोट खालून टणक, अप्पा घामाघूम. रात्री दोनला दादाने हॉस्पिटलात नेलं. नळी टाकल्याबरोबर ११०० मिली निघाली. अप्पांचे त्या वेळचे उद्गार : “मोक्ष म्हणतात तो हाच असावा.”

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाकाच्या रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं. तेच औषध मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले स्नायूही आवळतं. जोडीला ॲलर्जीचं औषध असेल तर मूत्राशयाचा जोर आणखी कमी होतो. आधीच वाट अरुंद, त्यात हे. प्रोस्टेटवाल्यांनी सर्दीची गोळीसुद्धा विचारून घ्यायची असते हे आम्हाला ७६ व्या वर्षी कळलं.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. नळी तशीच ठेवून घरी जा, प्रोस्टेट सैल करणारी गोळी चालू ठेवा, दोन आठवड्यांनी नळी काढून बघू. कागदावर औषधांची यादी आणि खाली ‘कॅथेटर केअर’ एवढे दोन शब्द. काळजी म्हणजे काय, ते कुणीच सांगितलं नाही. वॉर्डातल्या मावशींनी पिशवी एकदा रिकामी करून दाखवली, “असं करायचं बरं का ताई”, आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मग रिक्षा. आमच्या दादाने युरोबॅग, म्हणजे लघवी साठवायची पिशवी, सलाईनची बाटली धरतात तशी उंच धरली. अगदी अभिमानाने, घरापर्यंत. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर पिशवीतली लघवी नळीतून परत वर जाऊ शकते, हे तिसऱ्या दिवशी कळलं. पिशवीच्या तोंडाशी उलट जाऊ न देणारी झडप असते म्हणे, पण तिच्या भरवशावर राहायचं नाही आणि नळीत उरलेली लघवी तर कुठलीच झडप अडवत नाही.

दुसरी गंमत अशी की अप्पा खाली गादीवर झोपतात, चाळीस वर्षांची सवय. गादीवर झोपलेल्या माणसाची पिशवी त्याच्याखाली लटकवणार कुठे? पहिल्या रात्री आम्ही ती शेजारी फरशीवर ठेवली. सकाळी तिच्यात जेमतेम १५० मिली, ओटीपोट दुखतंय आणि पायजमा ओला. पलंग आणला आणि दोरीने त्याच्या खालच्या पट्टीला पिशवी बांधली. तासाभरात ७०० मिली!

तिसरी गंमत लिहितच नाही. पिशवी रिकामी केल्यावर खालची तोटी बंद करायची असते एवढंच सांगते. आमच्याकडे आता दोन माणसं तपासतात.

इथे बरेच जण यातून गेले असतील. काय करायचं, काय नाही, डॉक्टरांकडे कधी पळायचं ते लिहा प्लीज. अजून बारा दिवस काढायचेत.

---

भालदार

ताई, दादाचं मनावर घेऊ नका. आमच्या मेहुण्याने पिशवी आजोबांच्या मांडीवर उशीसारखी ठेवली होती, सांगली ते इचलकरंजी.

माझा सल्ला : जवाचं पाणी आणि गोखरूचा काढा सुरू करा, आठवड्यात नळीला रामराम. आमच्या काकांना गुण आला होता.

---

टाचणी

खडीसाखर, बरं केलंस लिहिलंस. मी २८ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली निम्मी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. घरी पाठवताना नीट समजावून सांगणं हे आमचंच काम आणि सगळ्यात आधी तेच राहतं, कारण त्याच वेळी बिलाची घाई असते, दुसरा पेशंट खाटेसाठी थांबलेला असतो आणि नातेवाईक गाडी शोधत असतात. ही सबब नाही, कारण सांगतेय.

आधी हात. पिशवीला किंवा नळीला हात लावण्याआधी साबणाने धुवायचे आणि नंतरही. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हे चुकवू नका. जंतू वर चढतात ते नळीच्या बाहेरून तरी नाहीतर जोडणीच्या जागेतून, आणि ते पोचवतात आपले हात.

स्वच्छता दिवसातून एक-दोनदा, साधा साबण आणि पाणी. डेटॉल, सॅव्हलॉन, बीटाडिन, पावडर काही नको. त्या नाजूक कातडीची आग होते आणि फायदा शून्य. पुरुषांनी पुढची कातडी मागे सारून धुवायचं, कोरडं करायचं, आणि कातडी परत पुढे आणायची. हे मुद्दाम सांगतेय. मागेच राहिली तर तासाभरात सूज चढते, मग ती पुढे येत नाही आणि रक्तपुरवठा अडतो. वॉर्डात हे मी तीनदा पाहिलंय, तिन्ही वेळा अंघोळ घालणाऱ्याने प्रेमाने स्वच्छ करून कातडी विसरली होती. बायकांनी पुढून मागे पुसायचं, मागून पुढे कधीच नाही. नळी पुसताना शरीराकडून पिशवीकडे, साताठ सेंटिमीटर. अंघोळ खुशाल करू द्या, वरून पाणी घेऊन. टबात बसायचं नाही.

व्हॅसलिन लावू नका. पिवळसर नळी म्हणजे रबराची, आणि पेट्रोलियमने रबर खराब होतं.

नळी मांडीला चिकटवलेली हवी, आणि थोडी ढिली, म्हणजे पाय लांब केला तरी ताण येणार नाही. पुरुषांत मांडीच्या वरच्या भागाला नाहीतर ओटीपोटाला चिकटवतात. पट्टी रोज थोडी जागा बदलून लावायची. आत १० मिली पाण्याचा फुगा असतो, त्याच्यावर ही नळी टिकून असते. ओढ बसली की तो फुगा मूत्राशयाच्या तोंडावर घासतो. ‘सारखी लागल्यासारखी वाटते’ या तक्रारीचं अर्धं मूळ इथे असतं.

पिशवी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची. दोन लिटरची पिशवी भरली की दोन किलोचा लोंबता दगड झाला. रिकामी करायला वेगळा मग ठेवा, तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. तोटी मगाला टेकवायची नाही, आणि बंद करण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. नळी आणि पिशवी यांची जोडणी उगाच सोडायची नाही. पिशवी बदलायची झाली तर साधारण आठवड्याने. फाटली, गळली, वास मारायला लागली किंवा आत गाळ साचला तर आधी.

भालदार, तुमच्या काकांची नळी काढ्याने निघाली नाही हो, ती सिस्टरने सिरिंजने फुग्यातलं पाणी ओढून काढली. पाणी प्यायला मी नाही म्हणत नाही. जवाचं चालेल, ताक चालेल, साधं तर उत्तमच. दिवसाला दीड-दोन लिटर. पण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं माप डॉक्टर ठरवतील. आणि वाढलेल्या प्रोस्टेटचं माणूस नळीवर असताना त्यावर घरचे प्रयोग नकोत.

---

भालदार

मान्य. शस्त्रं खाली. काकांना विचारलं, तेही म्हणाले सिस्टरनेच काढली.

---

निवांत

पळायचं कधी, हे राहिलं. आमच्या वडिलांच्या वेळी हॉस्पिटलच्या गुलाबी कागदावर होतं ते आठवेल तसं देतो. थंडी वाजून ताप (१००.४ च्या वर). तीन-चार तास पिशवीत काहीच नाही, पाणी मात्र चालू आहे. ओटीपोटात वाढती कळ. लाल लघवी, गाठी. नळी बाहेर आली. आणि म्हाताऱ्या माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं. ताप नसतानाही संसर्ग असा डोकं काढू शकतो, हे आम्ही भोगलंय. बाबा आईला ‘तू कोण’ विचारायला लागले तेव्हा आम्ही अल्झायमर शोधत बसलो होतो, निघाला लघवीचा संसर्ग.

थोडा गुलाबी रंग मात्र घाबरण्यासारखा नसतो. नळी नुकतीच घातली असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर तसं दिसतं. पाणी प्यायल्यावर फिका व्हायला हवा.

---

खडीसाखर

टाचणी, तुम्ही आधी का नाही भेटलात! कातडीचं आम्हाला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. दादाला लगेच फोन केला. तो म्हणाला ‘हे मी अप्पांना कसं विचारू’. अप्पा मागून ओरडले, “मला विचारा, मला येतं.” सुटलो.

अजून एक. सगळं नीट लटकवूनही नळीच्या बाजूने लघवी झिरपतेय. शेजारचे काका म्हणतात नळी बारीक पडली, जाड टाकून घ्या.

---

टाचणी

जाड नळी हा उपाय नाही, उलट त्याने त्रास वाढतो. आधी हे बघ : नळी कुठे मुडपलीय का, मांडीखाली दबलीय का, पिशवी वर आहे का. मग विचार, पोट साफ होतंय का? बद्धकोष्ठाने भरलेलं आतडं मूत्राशयावर आणि नळीवर दाबतं आणि बाजूने गळतं. दहातल्या पाच ‘नळी गळते’च्या तक्रारी इसबगोलने सुटताना मी पाहिल्यात. तिसरं कारण कळ. मूत्राशयाला फुगा म्हणजे परकी वस्तू वाटते, ते आवळतं आणि लघवी बाजूने ढकलतं. त्याला गोळ्या असतात, डॉक्टरांना सांगा. आणि चौथं, नळी आतून चोंदलेली. पिशवीत काहीच येत नाही आणि बाजूनेच येतंय, असं असेल तर घरी थांबू नका.

---

अनुस्वार

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, तेव्हा माझ्या बाजूची तक्रार मांडतो.

आमच्याकडे रोज नळीवाल्यांची लघवी कल्चरला (जंतू वाढवून तपासायला) येते, बरेचदा थेट पिशवीतून काढून. पिशवीत तासन्‌तास साचलेल्या लघवीत जंतू नाही सापडले तरच नवल. नमुना नळीवरच्या ठरलेल्या जागेतून, सुईने घ्यायचा असतो. नळी जुनी असेल तर ती बदलून नवीतून घेतलेला उत्तम.

आणि मुख्य मुद्दा. नळी आत गेली की जंतू येतातच. रोज काही टक्क्यांनी शक्यता वाढत जाते, महिनाभर नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते मिळतात. ते असणं आणि संसर्ग असणं या दोन गोष्टी वेगळ्या. ताप नाही, कळ नाही, माणूस ठणठणीत, तरी रिपोर्टात ‘ग्रोथ’ दिसली म्हणून प्रतिजैविकाचा कोर्स केला तर जंतू जात नाहीत, पुढच्या वेळी औषधाला दाद न देणारे उरतात. ‘लघवी गढूळ दिसते’, ‘वास येतो’ एवढ्यावर गोळ्या मागू नका. गोळ्या उरल्यात म्हणून तर घेऊच नका.

अवांतर : फुग्याची ही नळी अमेरिकेतल्या मिनेसोटातले फ्रेडरिक फॉली यांनी १९३० च्या दशकात रुळवली, म्हणून सिस्टर तिला ‘फॉलीज’ म्हणतात. तिच्यावर १४, १६ असे जे आकडे असतात ते पॅरिसमधले शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे शारिएर यांच्या मापाचे. आकडा भागिले तीन म्हणजे मिलिमीटरमध्ये जाडी. १६ नंबर म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. फुग्यात पाणी भरायच्या तोंडाचा रंगही त्यावरून : १४ ला हिरवा, १६ ला नारिंगी, १८ ला लाल. अप्पांची बघा, नारिंगी असणार.

---

खडीसाखर

नारिंगीच! पण एक कबुली. ते नारिंगी तोंड बघून आमच्या पुतण्याला वाटलं इथून पण काहीतरी निघत असणार. तो टोपण शोधत होता.

---

टाचणी

नाही!! त्या तोंडाला हात लावू नका. तिथे सिरिंज लावली की फुग्यातलं पाणी निघतं आणि नळी बाहेर. कापायची तर कधीच नाही, ‘कापलं की आपोआप निघते’ असं सांगणारे भेटतात. फुगा दर वेळी रिकामा होतोच असं नाही, आणि मग नळी आत सटकली तर दुर्बिणीने काढावी लागते.

---

निवांत

फुग्यासकट ओढली की काय होतं ते माझ्याकडे आहे. बाबांना तेव्हा असा भ्रम व्हायचा, रात्री उठून नळी उपटली. फुगा फुगलेला तसाच. रक्ताने गादी भिजली. आईला वाटलं संपलं. तसं नव्हतं. हॉस्पिटलात नेलं, पाण्याने मूत्राशय धुतलं, दोन दिवसांनी लघवी स्वच्छ झाली. पण तो प्रकार पुन्हा झाला. शेवटी एका मामींनी तोडगा सांगितला. पुढे बटणं असलेला पायजमा सोडून नाडीचा, थोडा ढगळ घातला आणि नळी पायजम्याच्या आतून पायापर्यंत नेऊन घोट्याशी बाहेर काढली. समोर दिसत नाही म्हटल्यावर हात जाईना. जोडीला हाताला चाळा म्हणून जपमाळ दिली. हात बांधा असं एकाने सांगितलं होतं, ते आम्ही केलं नाही, आणि केलं नाही याचं आजही बरं वाटतं.

---

वरणफळ

घाईत विचारते. सासूबाईंना (८३, पक्षाघातानंतर अंथरुणाला) चार महिने नळी आहे. काल बघते तर पिशवी जांभळी. लघवी नाही, पिशवीच जांभळी, नळीसुद्धा! रंगपंचमीला भिजल्यासारखी. सासूबाईंना काही त्रास नाही. नणंद म्हणते किडनी गेली. रात्रभर झोप नाही.

---

अनुस्वार

वरणफळ, किडनी गेली नाही. याला नावच ‘जांभळ्या पिशवीचा’ विकार असं आहे, आणि मी हा नमुना वर्षातून एक-दोनदा तरी बघतो. अंथरुणाला खिळलेल्या, बद्धकोष्ठ असलेल्या, दीर्घकाळ नळी असलेल्या स्त्रियांत जास्त.

होतं असं. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून आतड्यातले जंतू एक पदार्थ बनवतात. तो यकृतातून फिरून लघवीत उतरतो. लघवीत काही ठरावीक जंतू असले की ते त्याचं रूपांतर निळ्या आणि लाल रंगात करतात. निळा म्हणजे चक्क नीळ, कपड्याला घालायची. हे दोन रंग पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि मिळून जांभळा दिसतो.

ताप, थंडी, सुस्ती नसेल तर आणीबाणी नाही. पण डॉक्टरांना दाखवा, नळी आणि पिशवी बदलून घ्या, पोट साफ होईल असं बघा. चार महिने तीच नळी आहे का? कुठल्या प्रकारची? रबराची नळी साधारण दोन ते चार आठवड्यांत बदलतात, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. चार महिने कुठलीच नाही.

---

वरणफळ

तीच आहे. कुणी सांगितलंच नाही बदलायची म्हणून. उद्याच सिस्टरांना बोलावते. नणंदेला हे वाचून दाखवलं, ती म्हणते ‘नीळ? पोटात?’

---

थेम्सकाठी

इथे इंग्लंडमध्ये माझ्या सासऱ्यांना नळी होती. घरी येणाऱ्या नर्सनी पहिल्याच दिवशी एक छोटी पुस्तिका दिली. तिला ‘कॅथेटर पासपोर्ट’ म्हणतात. त्यात नळी का घातली, कधी, माप काय, कशाची, फुग्यात किती पाणी, पुढची बदलायची तारीख, अडलं तर फोन कुणाला. कुठल्याही दवाखान्यात गेलं की ती पुढे करायची. गंमत म्हणजे सासरे मूळ पासपोर्टपेक्षा तिला जास्त जपायचे.

आपल्याकडे छापील नसली म्हणून काय झालं, शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरांना एवढेच सात प्रश्न विचारून लिहून घ्या. नळीच्या पाकिटावर बरंचसं छापलेलं असतं. ते पाकीट फेकू देऊ नका, निदान फोटो काढा.

दिवसा मांडीला बांधायची छोटी पिशवी मिळते, पँटच्या आत दिसतही नाही. सासरे ती लावून बागेत, दुकानात, सगळीकडे जायचे. रात्री तिच्याच खालच्या तोटीला मोठी पिशवी जोडायची, म्हणजे वरची जोडणी सोडावी लागत नाही.

---

चाकोरी

धागा उशिरा पाहिला. मी अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे, मोटरसायकलचा अपघात, मणका. नळ्यांबाबत माझा अनुभव तुमच्या सगळ्यांपेक्षा जुना, म्हणून थोडं.

पहिली दोन वर्षं मला कायमची नळी होती. दर तीन आठवड्यांनी चोंदायची. काढली की टोकाला खडूसारखा पांढरा थर. प्रोटियस जातीचे जंतू लघवी अल्कधर्मी करतात, क्षार बसतात, भोक बुजतं. ज्यांची नळी पुन्हापुन्हा चोंदते त्यांनी प्रत्येक वेळी किती दिवसांनी चोंदली ते लिहून ठेवावं. माझं १९-२० दिवसांवर यायचं, मग आम्ही १६ व्या दिवशीच बदलायला लागलो. मूत्राशयात खडे आहेत का हेही सोनोग्राफीत बघून घ्या, माझ्यात दोन निघाले.

मणक्याची इजा छातीच्या मध्याच्या वर असेल तर एक गोष्ट घरच्या सगळ्यांना पाठ हवी. नळी तुंबली की अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल, घाम, रक्तदाब झरकन वर. हे जिवावरचं आहे. माणसाला उठून बसवा, नळीचा पीळ काढा, पिशवी रिकामी करा, आणि तरी उतरलं नाही तर तडक हॉस्पिटल. इमर्जन्सीतल्या प्रत्येकाला हे माहीत असेलच असं नाही. माझा भाऊ पाकिटात चिठ्ठी ठेवतो.

आता मी कायमची नळी वापरत नाही. दर चार-पाच तासांनी स्वतः पातळ नळी घालतो, मूत्राशय रिकामं करतो, काढतो. साबणाने हात धुतले की पुरतं, निर्जंतुक हातमोजांची गरज नाही. ही पद्धत १९७२ मध्ये लॅपिडीस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडली तेव्हा लोकांना वेडेपणा वाटला होता. पहिल्यांदा करताना माझा हात अर्धा तास थरथरत होता. आता क्रिकेटच्या दोन षटकांत होतं. ज्यांच्या घरी तरुण पेशंट आहे आणि हात चालतात, त्यांनी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. कायमची नळी हाच एक मार्ग असं गृहीत धरू नका.

---

भालदार

चाकोरी, दंडवत.

---

खडीसाखर

सगळ्यांचे आभार. इकडची बातमी.

इसबगोल लागू पडलं, झिरपणं दोन दिवसांत थांबलं. पण मधेच अप्पांचा देव अडला. नळी लावल्यापासून त्यांनी पूजा सोडली होती. ‘अंगाला मूत बांधून देवाजवळ बसू?’ म्हणे. आम्ही समजावून थकलो. शेवटी आमचे नेहमीचे गुरुजी भेटायला आले, वय ऐंशी. त्यांनी धोतराचा सोगा जरा बाजूला करून स्वतःची मांडीची पिशवी दाखवली. “सहा महिने झाले, सत्यनारायण चालूच आहेत.” दुसऱ्या दिवसापासून घंटा वाजायला लागली.

काल ठरल्याप्रमाणे नळी काढायला गेलो. सकाळी काढली, पाणी प्यायला सांगितलं, मोजायला भांडं दिलं. अडीच तासांत मिळून ६० मिली, आणि सोनोग्राफीत ४५० आत शिल्लक. परत नळी. अप्पा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. पिशवी मात्र दादाने गुडघ्याच्या खाली धरली होती.

शेजारचे काका आता म्हणतात, नळीला मधे गाठ मारून तीन-तीन तासांनी सोडा, मूत्राशयाला सराव होतो.

---

टाचणी

आमच्या काळी वॉर्डात हे सर्रास करायचो. आता बहुतेक ठिकाणी त्याची गरज मानत नाहीत, त्याने फरक पडत नाही असं दिसलंय. आणि घरी गाठ सोडायला विसरलात तर? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. काकांना माझा नमस्कार सांग आणि चहा दे.

पहिल्यांदा नळी काढल्यावर न जमणं खूपांचं होतं ग. ११०० मिलीपर्यंत ताणलेला स्नायू, त्याला वेळ लागतो. ती गोळीही आणखी थोडे दिवस पोटात जाऊ दे. अप्पांना सांग, परीक्षेत नापास नाही, ऑक्टोबरची वारी आहे. (आमच्या वेळी असायची.) दुसऱ्यांदाही नाही झालं तर ऑपरेशनचं बोलतील, त्यालाही आता घाबरण्यासारखं राहिलेलं नाही, दुर्बिणीतून होतं.

गोळीने उठताना चक्कर येते का विचार. येत असेल तर रात्री झोपताना घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा, आणि पलंगावरून उठताना आधी मिनिटभर पाय सोडून बसायचं. नळी सांभाळता सांभाळता खुब्याचं हाड मोडून घेतलेले पाहिलेत.

---

वरणफळ

नवी सिलिकॉनची नळी, पाकिटाचा फोटो काढला, कॅलेंडरवर तारखेला गोल केला. पिशवी आता पिवळी. नणंदेने जांभळीचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय.

---

खडीसाखर

सोळा दिवसांनी लिहितेय.

आज सकाळी सातला नळी काढली. हॉस्पिटलच्या आवारात अप्पा आणि दादा फेऱ्या मारत होते. साडेनऊला १६०. अकराला २२०. साडेबाराला १८०, आणि नंतर सोनोग्राफीत शिल्लक ४० मिली. डॉक्टर म्हणाले घरी जा, गोळी चालू, सहा आठवड्यांनी भेटा, सर्दीची गोळी घ्यायची नाही. अप्पांनी आकडे स्वतःच्या डायरीत लिहून घेतलेत, दुधाच्या हिशोबाखाली.

निघताना मी वॉर्डात गेले. टाचणी आणि थेम्सकाठींचे मुद्दे एका कागदावर सुबक अक्षरात लिहून नेले होते, ते इन्चार्ज सिस्टरांना दिले. त्यांनी वाचले, ‘कातडी’च्या ओळीखाली पेनने रेघ मारली आणि झेरॉक्सला पाठवले.

दोन युरोबॅगा पाकीटबंद उरल्यात. सांगली-मिरजेत कुणाला हव्या असतील तर मला इथेच निरोप टाका.